२१४ खणांचा बादशहा

तुमच्या मोबाइलवर मराठी, अरबी, चिनी असं सगळं नीट उमटतं ते युनिकोडमुळे. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, एवढाच त्याचा हिशेब. पण या क्रमांकांच्या यादीत चक्क एका बादशहाच्या नावाचा विभाग आहे, माहितीये? 'कांगशी रॅडिकल्स'. हा कांगशी वारला १७२२ साली.

जन्म १६५४, बीजिंगचा. घराणं मांचू, म्हणजे उत्तरेकडून येऊन चीन जिंकणारं. १६६१ मध्ये वडील देवीच्या रोगाने गेले. गादीवर बसवायचं कोणाला? जेमतेम सहा-सात वर्षांच्या या पोराला देवी येऊन गेल्या होत्या, म्हणजे पुन्हा धोका नव्हता. तोंडावरच्या व्रणांनीच तख्त मिळवून दिलं म्हणा ना! पंधराव्या वर्षी त्याने डोईजड झालेल्या ओबोई नावाच्या कारभाऱ्याला कैद केलं. १६७४ मध्ये इकडे रायगडावर राज्याभिषेक होत होता, तेव्हा तिकडे विशीतला कांगशी दक्षिणेतल्या तीन सरदारांच्या बंडाशी झुंजत होता. ते मोडायला १६८१ उजाडलं. गडी अभ्यासूही होता. फर्डिनांड व्हर्बीस्ट या जेझुइट पाद्र्याकडून तो गणित आणि खगोलशास्त्र शिकला.

१७१० मध्ये त्याने पंडितांना फर्मान सोडलं, चिनी अक्षरांचा मोठा कोश करा. आता अडचण बघा. चिनीत आपल्यासारखं क-ख-ग नाही. मग हजारो अक्षरं लावायची कशी? तर त्यांच्यातल्या ठरावीक भागावरून, म्हणजे रॅडिकलवरून. नदी, समुद्र, सरोवर यांच्या अक्षरांत पाण्याचं चिन्ह असतं, ती सगळी पाण्याच्या खणात. असे खण २१४. १७१६ मध्ये कोश पुरा झाला, ४७ हजारांहून जास्त अक्षरांचा. खरं तर हे २१४ खण मेई यिंगझुओ नावाच्या विद्वानाने १६१५ मध्येच वापरले होते. पण शिक्का बादशहाचा, म्हणून नावही बादशहाचंच राहिलं. मला तरी हा मेईवर अन्यायच वाटतो.

आणि याच काळात, १७१३ मध्ये, दाई मिंगशी या लेखकाला मृत्युदंड झाला. गुन्हा काय? आधीच्या मिंग घराण्याच्या वारसांची कालगणना पुस्तकात वापरली. शब्द जपणारा आणि शब्दांना घाबरणारा राजा एकच होता.

त्याचं स्वतःचं नाव शुआन्ये. राजाचं नाव लिहिणं निषिद्ध, त्यामुळे 'शुआन' हे अक्षर लिहिताना शेवटची रेघ गाळायची. राजवाड्याच्या एका दरवाजाचं नावसुद्धा बदललं. पण पंचाईत अशी की शुआन हा २१४ पैकी ९५ वा रॅडिकल! कोशात तोही अपुराच छापला.

१९९९ मध्ये युनिकोडने हे २१४ रॅडिकल स्वतंत्र क्रमांक देऊन घेतले. अक्षर म्हणून शुआन ७३८४ वर होताच, आता रॅडिकल म्हणून २एफ५ई वरही आला. दोन्हीकडे पुऱ्या रेघांसह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटर आकार बघत नाही, क्रमांक बघतो. पीडीएफमधून मजकूर कॉपी करताना कधी कधी अक्षराच्या जागी रॅडिकल येऊन बसतो आणि समोर दिसणारा शब्द सर्चला सापडत नाही. म्हणून कुठला रॅडिकल कुठल्या अक्षराबरोबरचा, याचा तक्ताही युनिकोडने दिलाय. सॉफ्टवेअरने तो वापरला तर शोध लागतो, नाहीतर बसा शोधत.

आणि कांगशीची मायबोली? मांचू भाषेची लिपी वेगळी, वरून खाली लिहायची. तीही १९९९ च्या त्याच आवृत्तीत युनिकोडमध्ये आली, पण तिला स्वतःच्या नावाचा विभाग नाही. मांचूची अक्षरं मंगोलियन विभागात आहेत. ती भाषा आज मोजक्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलीय.