एडवर्ड लिअर आणि टेनिसनचं अपुरं पुस्तक

पाच ओळींच्या विनोदी कवितांमुळे प्रसिद्ध झालेला इंग्रज एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) स्वतःला मुख्यतः निसर्गचित्रकार मानायचा. पोपटांच्या चित्रांनी विशीतच त्याचं नाव झालं. १८४६ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाला चित्रकलाही शिकवली. पण त्याला आयुष्यभर ओढ होती ती कवी आल्फ्रेड टेनिसनच्या शब्दांची. त्याने टेनिसनच्या कवितांना चाली लावल्या आणि इटलीतल्या आपल्या घराला ‘व्हिला टेनिसन’ नाव दिलं. ग्रीसपासून भारतापर्यंतच्या प्रवासात काढलेल्या रेखाटनांतून या कवितांसाठी सुमारे २०० चित्रं करायची, हे त्याचं स्वप्न होतं. नजर अधू झाली तरी तो काम करत राहिला. ते पुस्तक मात्र अपुरंच राहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, १८८९ मध्ये, फक्त तीन कवितांची सचित्र आवृत्ती निघाली. प्रती १०० आणि त्यांवर सही खुद्द टेनिसनची!