मौलाना आझाद आणि किल्ल्यातली ती जुनी कबर

दरवर्षी ११ नोव्हेंबर आला की शाळेत मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या फोटोला हार घातला जातो, दोन मुले पाठ केलेले भाषण म्हणून दाखवतात आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री एवढ्यावर गोष्ट संपते. आम्हीही बरीच वर्षे तसेच करत आलो. पण मौलानांच्या आयुष्यातला घराघरांत सांगण्यासारखा भाग आम्हाला वेगळाच वाटतो, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात घडलेला आहे.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्का शरीफचा. लहानपण कलकत्त्यात गेले. आईचे छत्र लवकर हरपले, वडील १९०८ मध्ये गेले. १९१२ मध्ये ‘अल-हिलाल’ काढले, सरकारने जामीन मागून मागून ते बंद पाडले. मग बंगालमधून हद्दपारी आणि रांचीत नजरकैद, ती थेट १९२० उजाडेपर्यंत. तिथेही हे गृहस्थ हातावर हात ठेवून बसले नाहीत. स्थानिक लोकांना हाताशी धरून त्यांनी मदरसा उभा केला. स्वतः कैदेत असताना दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी! आम्हा शिक्षकांना हे वाचून जरा लाजच वाटते.

याच काळात कुरआनचा उर्दू तर्जुमा व तफसीर त्यांनी हाती घेतली होती. पोलिसांच्या झडत्या झाल्या, कागद उचलून नेले. १९२१ मध्ये पुन्हा अटक झाली तेव्हा घरातली हस्तलिखितेही गेली. सुटका झाल्यावर जे परत मिळाले ते फाटलेले, विस्कटलेले होते. वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली. त्यानंतर काही वर्षे त्यांचे मन त्या कामाकडे वळेना. मोठी माणसे लगेच उठून कामाला लागतात असे आपण मुलांना सांगतो, पण खरे तसे नसते. १९२७ च्या सुमारास त्यांनी पुन्हा कलम उचलली आणि ‘तर्जुमानुल कुरआन’ नव्याने लिहायला घेतले. पुढे त्याचे दोन भाग छापून आले. पुढचा भाग मात्र त्यांच्या हयातीत आला नाही.

आता किल्ल्याकडे येऊ. ३ ऑगस्ट १९४२ ला मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याहून मुंबईला निघाले. पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या, तरी दारापर्यंत सोडायला आल्या. १३ ऑगस्टपर्यंत परत येईन, असे मौलाना म्हणाले. बेगमसाहेबांनी फक्त खुदा हाफिज केले. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत अटक झाली आणि रेल्वेने त्यांना अहमदनगरला आणले. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव असे एकूण १२ जण त्या किल्ल्यात होते.

पुढच्या वर्षी बेगमसाहेबांची तब्येत फारच खालावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचे असेल तर मी लगेच मुंबईला पोहोचवतो, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. नेहरूही बोलून गेले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. रोजचा दिनक्रमही त्यांनी बदलला नाही. पहाटे उठणे, स्वतःच्या हाताने चहा करणे, लिहिणे, सर्वांबरोबर जेवणाला बसणे, सगळे वेळेवर. मात्र वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की काळजात धडधड व्हायची. वरवरची ती शांतता बरीचशी दाखवण्यापुरतीच होती, हे त्यांनी स्वतःच नंतर पत्रात कबूल केले आहे. आम्हाला मौलाना सर्वांत जवळचे वाटतात ते इथे. सब्र म्हणजे दुःख न होणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. मयतीच्या घरी रडणाऱ्या बाईला लोक लगेच सब्र कर म्हणून गप्प करतात, तो त्यातलाच.

९ एप्रिल १९४३ ला तार आली. ३६ वर्षांचा संसार संपला होता. जनाजा नाही, शेवटचे दर्शन नाही. दोन दिवसांनी त्यांनी पत्र लिहायला घेतले. ही सर्व पत्रे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानींच्या नावे होती, पण तुरुंगातून ती पाठवता येत नव्हती. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून ती पुस्तकरूपाने आली. उर्दू येणाऱ्या घरात हे पुस्तक असायलाच हवे. त्या पत्रात किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख आहे. कुणाची, ठाऊक नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजरेस पडलेली, पण आता तिच्याबद्दल एक वेगळीच आपुलकी वाटू लागली, असे ते लिहितात. तीनच महिन्यांनी भोपाळला बहीणही वारली.

जून १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा मौलानांचे वजन ४० पौंडांहून जास्त घटले होते. हावडा स्टेशनवर तोबा गर्दी, हार, बँडबाजा. बँड त्यांना आवडला नाही. गाडी पूल ओलांडून पुढे निघाली तसा दारात उभा असलेला बेगमसाहेबांचा चेहरा त्यांना आठवला. त्यांनी गाडी वळवायला सांगितली, घरी जाण्याआधी कब्रस्तानात जायचे म्हणून. गाडी हारांनी भरलेली होती. त्यातलाच एक हार उचलून मौलानांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातेहा पढली.