एर्न्स्ट आबे

जर्मनीतील आयझेनाख या गावी सूतगिरणीत काम करणारा एक मजूर राहत असे. दिवसाचे १४ ते १६ तास त्यास यंत्रापाशी उभे राहावे लागे. दुपारी त्याचा लहान मुलगा जेवण घेऊन येई. बाप यंत्राला टेकून उभ्याउभ्याच चार घास खाई व रिकामे भांडे मुलाच्या हाती देऊन पुन्हा कामास लागे. हे दृश्य त्या मुलाच्या मनातून कधीच पुसले गेले नाही. १८४० साली जन्मलेला हा मुलगा म्हणजेच थोर शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे.

गिरणीमालकाचे साहाय्य आणि स्वतःचे कष्ट यांच्या बळावर आबे शिकला व येना येथील विद्यापीठात अध्यापक झाला. त्याच नगरात कार्ल झाइस याचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. त्या काळी भिंगे अंदाजानेच घासून जुळवीत असत. १८६६ साली झाइसने आबेचे साहाय्य मागितले. आबेने अंदाजाच्या जागी गणित आणले. त्या अभ्यासातून १८७३ साली त्याने एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. भिंग कितीही उत्तम असले, तरी प्रकाशलहरीच्या सुमारे निम्म्या लांबीपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतके असते. ज्या उपकरणासाठी तो झटत होता, त्याचीच मर्यादा त्याने जगापुढे निःसंकोचपणे मांडली.

पुढे आबे त्या कारखान्याचा भागीदार झाला. परंतु बापाचे ते उभ्याने जेवणे तो विसरला नाही. १८८९ साली त्याने एक विश्वस्त संस्था स्थापली आणि कारखान्यातील आपला हिस्सा तिच्या स्वाधीन केला. कामगारांना पगारी रजा व निवृत्तिवेतन मिळू लागले. १९०० साली तेथे कामाचा दिवस ८ तासांचा झाला. १९०५ साली आबे निवर्तला.

आबेचा नियम दूरवरच्या भिंगापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा होता. हे नेमके कळल्यामुळेच पुढील शास्त्रज्ञांना वेगळी वाट सुचली. त्यांनी अतिसूक्ष्म सुईचे टोक वस्तूच्या अगदी निकट नेऊन तेथेच प्रकाश एकवटला. शिसपेन्सिलीत असणाऱ्या ग्रॅफाइटचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्यातील इलेक्ट्रॉनांच्या लहरींचे चित्र २०१२ साली याच रीतीने मिळविण्यात आले.

आबेने प्रकाशाची मर्यादा शोधून काढली आणि माणसाच्या श्रमाला मर्यादा घालून दिली. ही दोन्ही कार्ये त्याच्या सत्यनिष्ठेची साक्ष देतात.