लोखंडाचा नांगर आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या काकतीहून बेळगाव ते कितीसे दूर! त्याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणरावांनी थोरल्या बंधूंसह सायकलींचे दुकान थाटले. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, परंतु काही रंग नीट ओळखता येईनात, म्हणून कुंचला ठेवून यंत्ररेखनाकडे वळले आणि मुंबईतच तो विषय शिकवू लागले.

पुढे बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपेपर्यंत दोन वर्षे गेली. त्यांचे खरे थोरपण आम्हांस ह्याच दोन वर्षांत दिसते.

तो नांगर बैलांचा. वळणावर बाहेरचा बैल आपणहून चार पावले जास्त टाकतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांना हीच मुभा डिफरन्शिअल देते. मात्र एक चाक चिखलात गरगरू लागले की दुसऱ्यालाही तेवढेच तोकडे बळ मिळते व यंत्र अडते. म्हणून दोन्ही चाके एकत्र जखडणारा खटका कित्येक जुन्या ट्रॅक्टरांवरही असे. बैलांना त्याची गरज नव्हती!

बेळगावची जागा नगरपालिकेने सोडावयास लावली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने माजलेला माळ दिला. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.