कै. अनुताई वाघ आणि टेकडीवरचे मुलांचे घर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरूनच गेले. पाककृती देते म्हटले, तर त्या दोघीतिघींनी आधीच दिलेल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठ्या विषयाला हात घालणे माझ्या आवाक्यातले नव्हे. शेवटी आमच्या गल्लीतील अंगणवाडीच्या बाईंनी वाट दाखवली. त्यांच्या खोलीत भिंतीवर एका वृद्ध बाईंचे चित्र लावलेले आहे. ह्या आजी कोण, असे मी सहज विचारले, आणि तेव्हापासून गेले वर्षभर मी अनुताईंविषयी ऐकते आहे, वाचते आहे. अनुताई १९९२ साली गेल्या तेव्हा मी शाळेत होते, पण त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी पुष्कळ जणींचे असेच असेल, म्हणून भगिनींनो, हा लेख.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा, मोरेश्वराच्या गावचा. १९२३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. तेरा वर्षांच्या मुलीला नवरा म्हणजे काय हे कळायच्या आधीच तिचे कुंकू पुसले गेले. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होई हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेले आहे. घरातला एक कोपरा, दिवसभराचे काम, आणि सणासुदीला कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मागच्या दाराने ये-जा. अनुताईंच्या वाट्याला ते आले नाही, कारण त्यांची शाळा सुटली नाही.

आणि ती शाळा आपल्याकडची, हे मला फार आवडले. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत त्या नाशिक जिल्ह्यातील मुलींमध्ये पहिल्या आल्या. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी. त्यांची सातवी आणि माझी सातवी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मी जाणते. तेव्हाच्या सातवीवर मास्तरकी मिळत असे. तरी पण सातवी पास झालेली एक मुलगी पुढे काय करू शकली हे वाचताना मन भरून आले, हे खरे.

१९२९ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन त्या बाहेर पडल्या आणि काही वर्षे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी शिकवले. मग १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. हुजूरपागा ही मुलींची नामांकित शाळा. एकट्या बाईला पुण्यासारख्या शहरात मानाची, कायम पगाराची नोकरी असणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. ती नोकरी त्यांनी १९४५ साली, पस्तिशीत, सोडून दिली. कोणी म्हणेल, एकटा जीव, त्यांना काय अवघड? मला उलटे वाटते. ज्या बाईला मागे सासर नाही, पोटी मूल नाही, तिला तो पगार हाच आधार असतो.

त्याला कारण झाल्या ताराबाई मोडक. ग्रामसेविकांच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. ताराबाई अठरा वर्षांनी मोठ्या, पदवीधर, राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख राहिलेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतेच हे राहिले तर खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

इथे मारिया मॉन्टेसरींविषयी थोडे सांगायला हवे. हल्ली आपल्या नाशकात चौकाचौकात मॉन्टेसरी अशी पाटी दिसते आणि आत फीचा आकडा ऐकून आपण परत फिरतो. पण ह्या इटलीच्या बाईंनी १९०७ साली रोम शहरात जी पहिली शाळा काढली, ती गरीब कामकऱ्यांच्या वस्तीतली होती आणि तिचे नावच त्यांनी मुलांचे घर असे ठेवले होते. ज्या घरात सगळ्या वस्तू मुलाच्या हाताला येतील, जिथे मूल आपले आपण उठेल, बसेल, सांडलेले पुसेल, बटण लावील, असे ते घर. मुलाचे काम आपण करून टाकले की त्याचे हात अडाणी राहतात, असे त्यांचे मत होते. हे वाचले तेव्हा मी क्षणभर पुस्तक मिटले. माझा धाकटा पाचवीत गेला तरी त्याच्या बुटाची नाडी मीच बांधत होते.

तर १९४५ साली ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे चिकूच्या वाड्यांचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मॉन्टेसरींची लाकडी साधने महाग, खेड्याला परवडणारी नव्हेत. मग ह्या दोघींनी शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, काड्या, माती हीच साधने केली. लहान-मोठे ओळखायला गोटे, मोजायला चिंचोके, रंगांना पाने-फुले. पैसा लागला नाही, डोके मात्र लागले. बालवाडी हा शब्द आज आपण जितक्या सहज बोलतो, तो ह्याच कामातून घराघरात पोचला.

पण बालवाडी काढली म्हणजे मुले आली असे होत नाही. दलित वस्तीतली मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात. आईबाप भीत, गावातले नाके मुरडत. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगण झाडायचे, सडा घालायचा, मुलांना गोळा करायचे, तिथेच न्हाऊमाखू घालायचे आणि तिथेच गाणी-गोष्टी. अंगणातली ती अंगणवाडी. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी लहान मुलांसाठी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आमच्या गल्लीतल्या बाईंच्या भिंतीवर अनुताईंचे चित्र का, ते मला तेव्हा उमगले. सुईणीला नाळ ठाऊक असते, तसे आहे हे.

दहा-बारा वर्षांनी हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. टेकडीच्या आसपास वारली लोकांचे पाडे. पिढ्यान्‌पिढ्या सावकार आणि जमीनदारांच्या वेठीत पिचलेली ही माणसे. १९४५ सालीच ह्या भागात गोदावरीबाई परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभे केले होते. पण पांढऱ्या कपड्यातले माणूस दिसले की मूल झाडीत पळे, ही भीती एका लढ्याने जाणारी नव्हती. हे लोक शाळेत का येत नाहीत, असे विचारत बसण्यापेक्षा शाळाच त्यांच्याकडे नेली पाहिजे, हे अनुताईंनी बोर्डीलाच ओळखले होते.

टेकडीवरचा दिवस कसा असे, ते मी वाचले-ऐकले तसे सांगते. सकाळी शिक्षिका पाड्यापाड्यावर जाऊन मुलांना घेऊन येत. मुले आली की पहिले काम स्वच्छता. पाणी, फणी, तेल, नखे कापायचे साधन. सुरुवातीला बाईंनी अंघोळ घालायची, केस विंचरायचे, उवा काढायच्या. पण हे काम जन्मभर बाईंचे राहू द्यायचे नाही, ही अनुताईंची दृष्टी. थोड्या दिवसांनी मोठे मूल लहानाचे तोंड धुवी, मग लहान आपले आपण धुवी. फणी, आरसा मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली. अंगण झाडणे, झाडांना पाणी घालणे, पाणी न सांडता ओतणे, चटई अंथरणे आणि गुंडाळून जागेवर ठेवणे, खाऊ वाटणे, वाटी धुऊन उपडी घालणे, हे सगळे मुलांचे. मधून गाणी, गोष्टी, माती, रंग. मुलांची वारली बोली शिक्षिकेने शिकून घ्यायची, आपली पुस्तकी मराठी एकदम त्यांच्यावर लादायची नाही.

ऐकायला सोपे वाटते. तुम्ही घरी एकदा चार वर्षांच्या मुलाला तांब्यातले पाणी भांड्यात ओतू देऊन बघा. हात शिवशिवतात. पाणी सांडणार, फडके मारावे लागणार, त्यापेक्षा आपणच ओतून मोकळे होऊ असे वाटते. मी वाटून घेतले आहे आणि ओतूनही दिले आहे. टेकडीवर मात्र सांडायला वेळ दिलेला होता.

तरी एक अडचण राहिलीच. सहा-सात वर्षांची मुले गुरे घेऊन रानात जात, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत. ज्या घरात दोघांना मजुरीला जावे लागते, त्या घरात हे काम कोणी करायचे? गुराख्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच झाडाखाली शाळा, शिक्षिकाच पाटी-साहित्य घेऊन कुरणात जाणार. मुलाने गुरांवर नजर ठेवायची आणि अक्षरेही गिरवायची. आणि मुलींसाठी विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. ताईने कडेवरचे बाळ पाळणाघरात द्यायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि आपण शाळेत बसायचे. मधून बाळ रडले तर उठून बघून यायचे. सगळे घर एकदमच शाळेत आले.

इथे मला माझे थोडे लिहू द्या. माझी शाळा सातवीत सुटली ती मी नापास झाले म्हणून नव्हे. घरात धाकटा भाऊ झाला, आई शेतावर जाई, आणि बाळाजवळ कोणी हवे होते. तक्रार म्हणून लिहीत नाही, त्या वेळी दुसरा उपाय कोणालाच सुचला नाही. तोच भाऊ आज मला सणाला न्यायला येतो. पण विकासवाडीविषयी वाचले आणि वाटले, माझ्या कडेवरचे बाळ शेजारच्या खोलीत निजवायची सोय असती तर मी आठवीत बसले असते. इतकीच ती गोष्ट होती. आजही द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीला मजूर येतात. बांधावर झाडाला झोळी आणि झोळीला झोका देणारी आठ वर्षांची ताई, हे चित्र आपण जाता-येता बसमधून पाहतो.

हे सगळे चालू असताना अनुताई स्वतः शिकतच होत्या. १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षे ज्यांच्या हाताखाली काम केले त्या गेल्यावर अनुताई टेकडी उतरतील असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. त्या राहिल्या. पुढची एकोणीस वर्षे सारा भार त्यांनी वाहिला, बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या, मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली, स्त्रियांच्या जागृतीच्या कामात पडल्या. त्यांनी पुस्तकेही लिहिली. त्यांतले कोसबाडच्या टेकडीवरून हे आपल्यापैकी वाचणाऱ्या भगिनींनी जरूर मिळवावे. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, कोसबाडलाच त्यांचे देहावसान झाले.

चैत्रात आपल्याकडून डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार अशी वाट आहे. ओटी भरून झाली की तशीच परतीची गाडी न धरता यंदा थोडी वाट वाकडी करून कोसबाडच्या टेकडीवर जाऊन येऊ, असे आम्ही चौघी-पाच जणींनी ठरवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी नाव सांगावे, म्हणजे गाडी लहान करायची की मोठी, ते ठरवता येईल. अंगणवाडीच्या बाई बरोबर येणार आहेत. मुलांना घरी ठेवू नका, घेऊन या.