फादर थॉमस स्टीफन्स : वाणीच्या देणगीचा सद्विनियोग

पवित्र आत्म्याच्या देणग्या नानाविध असल्या तरी त्या देणारा आत्मा एकच आहे, आणि प्रत्येकास जें कांहीं मिळतें तें सर्वांच्या हिताकरितां मिळतें, अशी शिकवण संत पौलानें करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस दिली. परंतु आपणांस कोणती देणगी लाभली आहे हें माणसानें ओळखावें कसें? या प्रश्नाचा उलगडा ज्यांच्या चरित्रांत स्पष्ट होतो, त्यांचें नांव प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरांत परिचयाचें असावें. ते पुरुष म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होत.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. ते वयांत आले तेव्हां एलिझाबेथ राणीच्या अमलाखालीं कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें झालें होतें. तरुण थॉमस यांनीं मायदेश सोडून रोम गांठलें व १५७५ सालीं येशुसंघांत प्रवेश केला. पुढें ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून त्यांचें जहाज निघालें, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्र आक्रमून २४ ऑक्टोबर रोजीं तें गोव्यास लागलें.

साष्टी प्रांतांत त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ गेला. तो मुलूख तेव्हां शांत नव्हता. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशुसंघीय सोबती मारले गेले. त्याच वर्षीं फादर स्टीफन्स यांनीं आपल्या भावास पत्र लिहिलें, आणि त्यांत या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें नमूद केलें. ज्या वर्षीं सोबत्यांचें रक्त सांडलें, त्याच वर्षीं हा पुरुष येथील लोकांच्या बोलीकडे कौतुकानें पाहत होता. देणगीचा पहिला अंकुर तो हाच.

पण अंकुर फुटला म्हणजे पीक आलें असें होत नाहीं. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं वाचावें, ऐकावें, गावें असें कांहीं त्यांच्या हातीं आलें नव्हतें. ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ आपल्या गुरूजवळ असा ग्रंथ मागतो असा प्रसंग आहे. लोकांची ही भूक फादरांनीं ओळखली. लोकांनीं आपली रीत सोडून पाद्रीबाबांकडे यावें, असा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. मराठी संतांनीं घरोघरीं पोंचविलेली ओवी परदेशांतून आलेल्या या धर्मगुरूंनीं शिष्यासारखी आत्मसात केली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभु येशूच्या चरित्रापर्यंतची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत गुंफली. देवनागरी खिळे हाताशीं नसल्यामुळें १६१६ सालीं राचोल येथें तो ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला.

१६१९ सालीं फादर स्टीफन्स प्रभूच्या सन्निध गेले. परंतु त्यांचें कार्य थांबलें नाहीं. त्यांची कोंकणी ख्रिस्ती शिकवण १६२२ सालीं छापून निघाली, आणि त्यांचें कोंकणी व्याकरण त्यांच्या संघबंधूंनीं तपासून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. १६८४ सालीं मात्र पोर्तुगीज सरकारनें लोकभाषांविरुद्ध हुकूम काढला. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या असतांहि त्यांतील एकहि छापील प्रत मागें उरली नाहीं. तरी ग्रंथ वांचला, कारण साध्यासुध्या भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला, कुटुंबांनीं स्थलांतर करतांना त्याचीं बाडें सोबत नेलीं आणि सांभाळलीं. अशाच हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें श्री. जे. एल. सालढाणा यांनीं तो पुन्हां छापविला. १९५६ सालीं श्री. शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरी लिपींत आणिला.

बंधुभगिनींनो, यांत कोणाची देणगी मोठी म्हणावी? ओवी रचणाऱ्या धर्मगुरूची, कीं दिव्याच्या उजेडांत ती उतरून काढणाऱ्या नकलकाराची? त्या नकलकारांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत. पण त्यांचा हात आखडता राहिला असता, तर फादरांची वाणी मुकी झाली असती.

आपल्या मंडळींतहि असेंच आहे. कोणाचा गळा गोड, कोणाचें अक्षर सुरेख, कोणास आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचें धैर्य, कोणास तुटलेलीं मनें सांधण्याची हातोटी. आपली देणगी शोधावयाची असेल तर शेजाऱ्यास काय उणें आहे हें आधीं पाहावें. तें भरून काढण्यास हात पुढें केला म्हणजे ती आपोआप सांपडते. ती पुरून ठेवली तर आपल्यासह सर्वांची हानि होते. या महोत्सवाच्या वर्षीं पवित्र आत्मा आपणां सर्वांस तें पाहण्याची दृष्टि व तें करण्याची बुद्धि देवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.