अंगणातील शाळा

बालशिक्षणाचा प्रश्न निघाला की साधनांच्या अभावाची तक्रार हटकून पुढे येते. ती खोटी नव्हे. परंतु साधन म्हणजे काय आणि ते कोणी ठरवावयाचे, हा त्याआधीचा प्रश्न आहे. ताराबाई मोडक यांचे चरित्र म्हणजे या प्रश्नाचे एक प्रदीर्घ उत्तरच होय.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे कार्य केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. एवढ्या कीर्तीवर समाधान मानणे त्यांना सहज शक्य होते. तथापि १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, शहर सोडून त्या बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या.

शहरी बालमंदिरातील महागडी उपकरणे खेड्यास परवडणारी नव्हती. परंतु ताराबाईंनी केवळ स्वस्त नक्कल शोधली नाही. शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही मुलांच्या परिचयाची सृष्टीच त्यांनी शिक्षणाचे साहित्य बनविली. मोजणे, वर्गवारी लावणे, रंग व आकार ओळखणे यांसाठी मुलांना परकी वस्तू लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. १९५७ पासून कोसबाडच्या वारली मुलांत काम सुरू झाले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून थोरले मूल शाळेस मुकते, हे ओळखून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली.

या सर्व योजना कोणा दूरस्थ कचेरीत आखल्या गेल्या नाहीत. मुलांसमोर रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेच्या निरीक्षणातून त्या घडल्या, प्रयोगात तपासल्या गेल्या आणि चुकल्या तेथे बदलल्या गेल्या. शिक्षिका ही तयार साहित्य वाटणारी हस्तक नव्हे, तर त्या साहित्याची सहनिर्माती आहे, हाच त्यामागील विचार होता. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या निधनापर्यंत, तो वारसा चालविला.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे या वयाला शिक्षणाचा पाया मानले. हे स्वागतार्हच आहे. परंतु शब्द स्वीकारला म्हणजे पद्धत स्वीकारली असे होत नाही. वरून आलेली पेटी वर्गात पोहोचेल. तिच्यात काय असावे, हे त्या वर्गाच्या शिक्षिकेस कोणी विचारले काय, यावरच तिचे मोल ठरेल. ताराबाईंचे स्मरण पुतळ्यापेक्षा या एका प्रश्नाने अधिक यथार्थ होईल.